ईस्टरपर्यंत राखलेले हंस

ओडील वाबानो परवानगी मागत नाही. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कॉर्बेट लँडिंग गावच्या कॅथलिक शाळेच्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा तिची वेणी काळीभोर होती. तेव्हाच्या फादरनी विचारलं होतं, "एवढ्या मुलांचा स्वयंपाक जमेल ना तुला?" तिने त्यांच्या देखत भिंतीवरची मोजमापाची भांडी काढून फडताळात कोंबली आणि म्हणाली, "कांदे कुठे ठेवता?"

आता वेणी पांढरी झाली आहे. तिच्या हातचं सूप पिऊन वाढलेली पोरं आपापल्या पोरांना शाळेत सोडायला येतात, खिडकीतून डोकावतात आणि विचारतात, "कूकुम, आज काय?" कूकुम म्हणजे आजी. इथल्या मूळच्या क्री लोकांच्या मुलांची ती आजी होतीच, हळूहळू मास्तरांच्या, दुकानदाराच्या आणि पोलिसाच्या गोऱ्या मुलांचीही झाली.

"आज काय ते जेवायला बसल्यावर कळेल. तू आधी तुझ्या पोराचं नाक पूस."

ती रागावते क्रीमध्ये, प्रार्थनाही क्रीमध्येच करते, पण मालाच्या गाडीवाल्याशी भांडते इंग्रजीत. आपली भाषा असल्या कामाला खर्च करू नये, असं तिचं मत आहे. तिचा नवरा रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलं दक्षिणेतल्या शहरांत आहेत. घरी ती आणि तिची आई, दोघीच.

आईचं नाव लिओकादी. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. रोज सकाळच्या मिस्साला ती पहिल्या बाकावर असते आणि फादरना यायला उशीर झाला तर जपमाळेचे मणी जरा जोरात वाजवते. चर्चच्या आवाराला लागूनच शाळेचं फाटक आहे. त्या फाटकाच्या आत मात्र तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. नातवंडं लहान असताना ती त्यांना फाटकापर्यंत सोडायची. ओडील चष्मा विसरली तर गजांतून हात घालून आत द्यायची. "आत ये की, सूप गरम आहे," असं ओडीलने म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"तिथे माझ्या बापाचा हंस पडलाय."

याचा अर्थ गावात सगळ्यांनाच ठाऊक होता. ती लहान असताना क्री मुलांना घरांतून उचलून नदीपलीकडच्या निवासी शाळेत ठेवत. ती शाळा चर्चच्या सिस्टरांची होती. एका वसंतात लिओकादीचा बाप फुटत्या बर्फावरून चालत त्या शाळेच्या दाराशी आला, खांद्यावर मोसमातले पहिले दोन रानहंस घेऊन. पहिला हंस एकट्याने खायचा नसतो. तो म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या तोंडी पडायला हवा. सिस्टरने दोन्ही हातांनी हंस घेतले, आभार मानले. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू होता, मांस वर्ज्य, आणि तेव्हाचे उपास कडक होते. बाप समाधानाने परतला. ईस्टरच्या सकाळी मुलांना ओट्सची लापशी मिळाली. चुलीतली राख टाकायला गेलेल्या लिओकादीला उकिरड्यावर दोन्ही हंस दिसले. पिसंही उपटली नव्हती. डोमकावळ्यांनी टोचून ठेवले होते.

ती जुनी शाळा केव्हाच पाडली. तिथे आता वाळुंजाचं रान आहे. पण नव्या शाळेच्या दारावरही तोच क्रूस, आणि लिओकादीच्या मते आवार बदललं म्हणून हंस उठून जात नाहीत. ओट्सला तर तिने त्यानंतर कधी हातही लावला नाही.

ओडीलने या शाळेत नोकरी धरली तेव्हा आई आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती. पुढे बोलायला लागली, पण जेवायला आली नाही. सगळं गाव माझ्या हातचं खातं आणि माझी आई दुपारी घरी एकटी गार भाकर चावत बसते, हे ओडीलच्या मनात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. तिला आयुष्यात फार काही नको होतं. आईने एकदा या शाळेत बसून पोटभर जेवावं, एवढंच हवं होतं. मागण्याची सवय नसलेली ही बाई ही एक गोष्ट मात्र दर वसंतात मागायची.

मुख्याध्यापिका रेनाटा कोलेट्टी दक्षिणेतून आलेली. चांगली बाई, पण चालताना नेहमी कुणाच्या तरी पायावर पाय पडेल अशा भीतीत चालल्यासारखी. शिक्षण मंडळाने जुन्या निवासी शाळांचं प्रायश्चित्त म्हणून सगळ्या शाळांत सलोखा समित्या नेमल्या तेव्हा तिने मनापासून काम केलं. भिंतीवर मुलांच्या हातांचे ठसे उमटले, बाहेरून वक्ते आले, क्षमेच्या प्रार्थना झाल्या. एके दिवशी ती स्वयंपाकघरात कॉफीचा पेला घेऊन उभी होती.

"ओडील, खरं सांगा. याचा काही उपयोग होतोय का?"

"भिंत छान दिसते."

"मी भिंतीचं विचारत नाही."

"मग जेवायला घाल," ओडील बटाटे सोलता सोलता म्हणाली. "जे कधी जेवले नाहीत त्यांना. वसंतातले पहिले हंस शाळेत शिजव. म्हातारी माणसं बोलाव."

रेनाटाने पेला खाली ठेवला. "तुमची आई येईल?"

ओडीलच्या हातातली सुरी थांबली. हा प्रश्न शाळेतून कुणी तिला आजवर विचारला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं. लिओकादी खिडकीशी बसून मोजडीच्या चामड्यावर मणी शिवत होती. तिने मान वर केली नाही.

"शिजवणार कोण?"

"मी."

"हंस कुणाचे?"

"गॅस्पारचे. आणखी कुणाचे असणार?" गॅस्पार म्हणजे ओडीलचा धाकटा भाऊ. त्याची बोटं कायम बंदुकीच्या तेलाने काळी.

लिओकादीने दोरा दाताने तोडला. "दाराजवळची खुर्ची ठेव. कंटाळले तर उठून येईन."

तव्यावरची भाकर त्या रात्री एका बाजूने जळली. दोघी ती जळकी भाकर खाऊन उठल्या.

दिवस ठरला. विमानाची सोय, मंडळाच्या साहेबांची सवड, व्यायामशाळेचा मोकळा वार, असं सगळं जुळवता जुळवता शुक्रवार निघाला. गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यातला, ऐन उपवासकाळातला शुक्रवार. चर्चमधून घरोघरी मिळणाऱ्या कॅलेंडरवर त्या चौकोनात छोटासा मासा छापलेला होता. आज मांस नाही, अशी खूण.

ओडीलने तो मासा पाहिला. दर शुक्रवारी शाळेत मासे तळणारी बाई ती, तिला न दिसेल तर कुणाला? पण ती मनाशी म्हणाली, समितीत फादर आहेत, शाळा त्यांची आहे, त्यांनी काही ठरवलंच असेल. ती गप्प राहिली.

रेनाटाने तो मासा पाहिला. ती मनाशी म्हणाली, या लोकांनी कधी काय खायचं हे आमच्या लोकांचं पुष्कळ सांगून झालं. ती गप्प राहिली.

फादर अन्सेल्म यांना नायजेरियातून येऊन जेमतेम एक हिवाळा झाला होता. त्यांनीही तो मासा पाहिला. त्यांच्या कानावर आलं होतं की या मुलखात पूर्वी उपासाच्या दिवशी बीव्हर या पाण्यातल्या केसाळ प्राण्यालासुद्धा मासा धरत. इथे हंसही मासाच धरत असतील, आपण नवखे, कशाला अज्ञान दाखवा, असं म्हणून तेही गप्प राहिले.

असा तो दिवस सगळ्यांच्या सभ्यपणातून सुखरूप पार होत होत अगदी दारात येऊन ठेपला.

बुधवारी दुपारी गॅस्पार बर्फावरच्या गाडीवरून थेट शाळेच्या मागच्या दाराशी आला. मागच्या घसरगाडीवर ताडपत्रीखाली हंस.

"घे थोरले. तुझ्या साहेबांना सांग, यांनी माझ्याकडे पाहून मान तुकवली, मग मी गोळी झाडली."

"मान तुकवली नसेल, तुझा वास आला असेल. आंघोळ कधी केलीस?"

"हंस आले की करतो. वर्षातून दोनदा येतात."

मुलांनी पिसं उपटायला मदत केली. मधल्या बोळात पिसांचा असा पाऊस झाला की झाडूवाला हात जोडून उभा राहिला. ओडीलने हंस जाळावर धरून उरलीसुरली लव जाळली, पोटं साफ केली, पाठीतून चिरून उघडले आणि थंड पडवीत ओळीने टांगले. संध्याकाळी घरी जाताना तिच्या अंगाला पिसांचा आणि नदीचा वास येत होता, आणि तिला तो पुसावासा वाटत नव्हता.

घरात शिरली तर आई कॅलेंडरपुढे उभी, नाकावर चष्मा.

"परवा शुक्रवार आहे."

"हो."

"उपासाचा."

"हो आई."

"मग मी हंस कसा खाणार? मी काय कॅथलिक नाही?" लिओकादी वळली. "त्यांना काय वाटतं, म्हातारी क्री बाई म्हणजे तिला वार नसतात?"

ओडील बूट न काढताच परत बाहेर पडली आणि फादरना घेऊन आली.

फादर अन्सेल्म उंच, त्यांना दारातून वाकून यावं लागतं. त्यांनी टोपी काढली, चुलीजवळ बसले. "आजी, काळजी करू नका. नियम आता पूर्वीसारखा कडक नाही. मांसाऐवजी दुसरं काही पुण्यकर्म केलं तरी चालतं. तरी तुमचं मन खाऊ नये म्हणून मी येतानाच बिशपांना फोन लावला. एका मिनिटात हो म्हणाले."

"एका मिनिटात," लिओकादी म्हणाली.

"हो. अगदी आनंदाने."

चुलीवर किटली थरथरत होती.

"तेव्हा बिशप नव्हता का, फादर?"

"केव्हा, आजी?"

"माझा बाप आला तेव्हा. बर्फ खालून पोकळ झाला होता. काठीने ठोकत ठोकत आला. पोरांसाठी." तिचा आवाज चढला नाही. "उन्हाळ्यात मी घरी गेले. होडीतून उतरले तर बापाने पहिलं काय विचारलं? कसा लागला हंस? आता त्याला काय सांगू, उकिरड्यावर आहे? मी म्हटलं, गोड. तो हसला. मग दरवर्षी पहिला हंस शिजला की तो सगळ्यांना सांगायचा, माझ्या पोरीला शाळेत माझा हंस गोड लागला होता. मी मान हलवायची. मरेपर्यंत हलवली." तिने फादरांकडे पाहिलं. "एका मिनिटाचं काम होतं ना? मग कुणीच का नाही केलं?"

ओडील दाराला टेकून उभी होती. हंसाची गोष्ट तिला जन्मापासून ठाऊक होती. होडीची गोष्ट तिने आज पहिल्यांदा ऐकली.

फादरनी टोपी दोन्ही हातांत धरली.

"चहा घे." तिने कप पुढे सरकवला. "आणि उपास मोडायला मी तेव्हाही सांगितलं नव्हतं. उपास करायचा होता आणि हंस राखायचे होते. मांस टिकवायला धूर होता, थंडी होती. ईस्टर काय पळून चाललं होतं?"

ओडीलने आईकडे पाहिलं. तिच्या मनात जे इतके दिवस गरगरत होतं ते एकदम थांबलं, पीठ घट्ट झालं की पळी जशी उभी राहते तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेनाटाच्या खोलीत गेली. एप्रन काढला नाही, खुर्चीवर बसलीही नाही.

"उद्या हंस शिजणार नाहीत."

रेनाटाचा चेहरा उतरला. "का? खराब झाले?"

"हंस उत्तम आहेत. वार खराब आहे."

रेनाटाने डोळे मिटले. "मासा," ती म्हणाली. "कॅलेंडरवरचा."

"पाहिला होतास?"

"जानेवारीतच. मला वाटलं, मी बोलले तर..." ती थांबली. "आणि तुम्ही?"

"मीही पाहिला. मला वाटलं, तुम्ही मोठी माणसं."

"फादरनी तरी..."

"फादर काल म्हणाले, त्यांना वाटलं, हंस म्हणजे मासा."

रेनाटाला आधी हसू फुटलं, मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ओडील, विमान ठरलंय. फोटो काढणारा येतोय. फलक लागलाय बाहेर, हंसभोजनाला स्वागत म्हणून. साहेबांना काय सांगू?"

"मासा खायला सांग. नदीतला ताजा, बटाटे, माझी भाकर. हंस ईस्टरपर्यंत थांबतील. आवारात धुराचा तंबू लावायचा, रोज विस्तव राखायचा. आळीपाळीने. तूसुद्धा."

"आणि तुमची आई उद्या येणार नाही?"

"उद्या नाही."

"ईस्टरनंतर येईल?"

ओडीलने एप्रनला हात पुसले. "ते मला माहीत नाही. पण हंस वाया गेला तर ती कधीच येणार नाही, एवढं माहीत आहे."

शुक्रवारी साहेब आले, मासा जेवले, दोनदा वाढून घेतला. त्यांचं भाषण आधीच लिहून आणलेलं होतं. त्यात हंसांचा थवा होता, हंसांची एकजूट होती, हंसांच्या मांसाची चव सगळ्यांना जोडते असंही होतं, आणि ते त्यांनी काटे काढता काढता शेवटपर्यंत वाचलं. मागच्या बाकावर गॅस्पारने एवढा खोकला काढला की त्याला पाणी द्यावं लागलं. दाराजवळची खुर्ची रिकामी राहिली. ओडीलने तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही, आणि जेवण आटोपल्यावर स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

तंबू शनिवारी उभा राहिला. खांब गॅस्पारने आणले, कापड चर्चच्या कोठारातून निघालं. चिरलेले हंस आडव्या काठ्यांवर उघडून टांगले, खाली विस्तव. ओडीलने आयुष्यभर शाळेत गॅसवर स्वयंपाक केलेला. धूर घालायचं काम घरी नेहमी आईचं. तिने सुतारकामाच्या खोलीतले स्प्रूसच्या डिंकाळ लाकडाचे तुकडे आणून टाकले, रेनाटाने उत्साहाने आणखी टाकले. धूर निघाला तो काळपट, डोळ्यांत मिरची जावी तसा. वारा नदीकडून गावाकडे वाहत होता.

फादर अन्सेल्म नाक पुसत आले. "माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तुम्हा दोघींना नदीत ढकललं असतं. आमच्याकडे माशाला धूर देतात. तो असा नसतो."

"मग कसा असतो?" ओडीलने चिडून विचारलं.

"ते आठवतंय थोडंथोडं. आमच्याकडचं लाकूड तुमच्याकडे नाही."

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला.

"कोण तो गाढव? कोण हंसांना डांबर पाजतोय?"

लिओकादी काठी आपटत येत होती. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, कोटाची बटणं वरखाली लागलेली. धूर तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. ती फाटकातून आत आली, वितळत्या बर्फातून, मुलांच्या झोपाळ्याला वळसा घालून, एकदाही न थांबता, सरळ तंबूपर्यंत.

रेनाटाचं तोंड उघडलं. ती काहीतरी म्हणणार होती, स्वागताचं, मनापासूनचं. ओडीलने तिच्या बुटावर आपला बूट ठेवला आणि दाबला. रेनाटाने तोंड मिटलं.

"स्प्रूस!" लिओकादीने काठीने जळतं लाकूड बाहेर ओढलं. "स्प्रूस टाकलंस? माझी मुलगी म्हणवतेस?"

"तू कधी शिकवलंस?"

"तू कधी विचारलंस? सदानकदा तुझी ती शाळा." ती वळली. "ए मास्तरीण, उभी काय राहिलीस? नदीकाठी वाळुंज आहे. ओली आण, बोटाएवढी जाड. आणि तू, लांब्या फादर, ते कापड वरून थोडं उघड. धुराला जायला वाट नको? तुमच्या गावात चिमण्या नसतात का?"

"असतात, आजी."

"मग?"

दोघं धावत सुटले. ओडीलने स्वयंपाकघरातून ती खुर्ची आणली आणि तंबूच्या तोंडाशी ठेवली. लिओकादी तिच्यावर बसली, विस्तव काठीने पसरला, वर टांगलेल्या हंसांकडे पाहिलं. थोड्या वेळाने धूर निळसर, मऊ झाला. तिने शाळेच्या इमारतीकडे नजर टाकली, दारावरच्या क्रूसाकडे, मग पुन्हा विस्तवाकडे.

"खिडक्या घाण आहेत," ती म्हणाली.

पवित्र आठवड्यात ती रोज आली. सकाळी मिस्सा, मग विस्तव. मुलं सुट्टीत तिच्याभोवती उकिडवी बसत आणि ती त्यांना वाळुंजाची साल कशी सोलायची ते दाखवी, पण दाखवताना तिच्या तोंडून कौतुकापेक्षा शिव्याच जास्त निघत. मुलांना त्या फार आवडल्या, आणि गुड फ्रायडेपर्यंत अर्ध्या शाळेला क्रीमध्ये आळशी कसं म्हणायचं ते येत होतं. फादर अन्सेल्म दुपारी येत. त्यांच्या गावाकडच्या नदीतल्या मिशावाल्या माशांवरून दोघांचं भांडण जुंपे. एवढा मोठा मासा असतो यावर तिचा विश्वास नव्हता, आणि पाद्री होऊन खोटं बोलू नये असं तिचं म्हणणं होतं. गुड फ्रायडेला चर्चमधली क्रूसाच्या मार्गाची प्रार्थना संपली तेव्हा सगळे काळे कपडे घालून शांतपणे बाहेर पडले, आणि रेनाटा तशीच, काळ्या कोटात, तंबूत जाऊन गुडघ्यावर बसली आणि विस्तवाला फुंकर घालू लागली. लिओकादीने तिला पाहिलं.

"हळू फुंक. वाढदिवस नाही कुणाचा."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जेवण ठरलं. साहेब नव्हते, फोटोवाला नव्हता, फलक वाऱ्याने केव्हाच फाडून नेला होता. ओडीलने पहाटेपासून मोठ्या भांड्यात धुरावरचे हंस शिजायला घातले. सूप दाट करायला गावात सगळे ओट्स घालतात. तिने कणकेचे गोळे सोडले. गॅस्पारने आदल्या दिवशी मारलेले ताजे हंस बाहेर विस्तवासमोर दोरीला टांगले होते आणि मुलं पाळीपाळीने दोरीला पीळ देत होती. हंस एका बाजूला गरगरत, थांबत, मग आपणहून उलटे फिरत, आणि चरबीचे थेंब खालच्या भांड्यात पडत.

लिओकादी आत आली. चर्चचा निळा कोट, नव्या मण्यांच्या मोजड्या. व्यायामशाळेत लांब टेबलं मांडलेली. ओडीलने दाराजवळची खुर्ची दाखवली.

"इथे वारा लागतो," लिओकादी म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. भांड्याशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसली. "वाढ."

ओडीलने पहिला वाडगा तिच्या हातात दिला. आईने सुपाचा वास घेतला, मांसाचा तुकडा बोटांनी हाडापासून सोडवला, तोंडात टाकला. सावकाश चावला. बाहेर मुलांचा गलका चालू होता. दारात रेनाटा उभी होती आणि मागे फादर, दोघंही वाडगे घेऊन, जणू आपलीच परीक्षा आहे.

ओडील स्वयंपाकी. कुणी पहिला घास घेतला की तिच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"कसा लागला?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हे कुणाचे शब्द आहेत.

लिओकादी चावायची थांबली. तिने वाडग्यात पाहिलं, मग खिडकीतून नदीकडे, जिथे बर्फ फुटून त्याच्या लाद्या एकमेकींवर चढत उपसागराकडे निघाल्या होत्या. पलीकडच्या काठावर वाळुंजाचं रान तांबूस झालं होतं.

"गोड," ती म्हणाली.

मग बोट चाटून तिने वाडगा पुढे केला. "मीठ कमी आहे. पण गोड आहे. आणखी वाढ."

जेवणं झाल्यावर तिने कुणालाही हाडं टाकू दिली नाहीत. टेबलांवरून फिरून तिने ती स्वतः गोळा केली, साहेबांच्या स्वागतासाठी आणलेल्या पांढऱ्या कापडात बांधली आणि आवारातल्या तामरॅकच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. हाडं कुत्र्यांच्या तोंडी जाऊ द्यायची नसतात. ती झाडाला टांगायची, म्हणजे वरून जाणाऱ्या हंसांना दिसतं की इथे आपला मान राहिला.

"मास्तरीण, स्टूल धर. घट्ट."

"आजी, मी चढते ना."

"तुला गाठ येते का?"

"नाही."

"मग धर."

रेनाटाने स्टूल धरलं. ओडीलने आईच्या कमरेला हात दिला. लिओकादीने गाठ मारली, ओढून पाहिली, आणि खाली उतरल्यावर कोट झटकत विचारलं, "बुधवारी शाळा आहे ना? सूप काय करणार आहेस?"

"जेवायला बसलीस की कळेल," ओडील म्हणाली.